टपालाच्या विमानाला बंदुका कशाला?
(प्राचार्यांच्या लेखणीतून : विज्ञान मंडळासाठी एक पाठ)



गेल्या स्नेहसंमेलनात आपल्या विज्ञान मंडळाने जे प्रदर्शन भरवले होते, ते तुम्ही सर्वांनी पाहिले. प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर चार इंजिनांच्या एका जुन्या विमानाची प्रतिकृती ठेवलेली होती आणि तिच्यासमोर पाटी होती : ‘आपल्या ग्वाल्हेरला तलावावर उतरणारे विमान’. त्या प्रतिकृतीचे कौतुक पुष्कळ झाले. पुढे तिचे काय झाले, हे मात्र थोड्याच जणांना ठाऊक आहे. आजचा पाठ त्याच विषयावर आहे. त्यात भूगोल आहे, गणित आहे, भौतिकशास्त्र आहे आणि थोडी माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्टही आहे.

पाण्यावर उतरणारे विमान

आधी मूळ वस्तू समजून घेऊ. १९३० नंतरच्या काळात मोठी, जड विमाने तयार होऊ लागली. पण त्यांना उतरायला लांब आणि पक्क्या धावपट्ट्या फारच थोड्या ठिकाणी होत्या. नद्या, तलाव आणि खाड्या मात्र जागोजाग होत्या. म्हणून विमानाचे धडच नावेसारखे बांधायची कल्पना पुढे आली. अशा विमानाला इंग्रजीत फ्लाईंग बोट म्हणतात; आपण त्याला उडती नाव म्हणू.

इंग्लंडमधील रॉचेस्टर येथील शॉर्ट ब्रदर्स या कारखान्याने इम्पीरियल एअरवेज या कंपनीसाठी ‘एम्पायर’ जातीची उडती नाव बांधली. पहिल्या विमानाचे नाव ‘कॅनोपस’. ते जुलै १९३६ मध्ये प्रथम उडाले. चार इंजिने, प्रत्येक सुमारे ९२० अश्वशक्तीचे. नेहमीचा वेग ताशी सुमारे २६५ किलोमीटर. एका दमात पल्ला सुमारे १,२२० किलोमीटर. वरच्या मजल्यावर चालक आणि टपालाची पोती, खालच्या मजल्यावर प्रवासी.

फेब्रुवारी १९३८ पासून एका योजनेखाली ब्रिटन आणि हिंदुस्थान यांच्यामधली साधी पत्रेसुद्धा जास्तीचे तिकीट न लावता विमानाने जाऊ लागली. त्याच वर्षी साउदम्प्टन ते सिडनी अशी उडत्या नावांची सेवा सुरू झाली. आता नकाशा काढा आणि बोट फिरवा. कराचीहून निघालेले विमान मेवाडातल्या राजसमंद तलावावर उतरे. तिथून आपल्या ग्वाल्हेरचा माधोसागर, मग अलाहाबादला (आताचे प्रयागराज) यमुनेचे पात्र, मग कलकत्त्याला हुगळी, आणि पुढे रंगून, सिंगापूर, सिडनी. म्हणजे सिडनीच्या एखाद्या घरात पोहोचलेले लंडनचे पत्र वाटेत आपल्या गावच्या पाण्यावर थांबून गेलेले असे! ही गोष्ट मी वर्गात सांगितली आणि मुलांनी हट्ट धरला की, प्रदर्शनात हे विमान हवेच.

प्रमाण म्हणजे नुसते लहान करणे नव्हे

आपल्या एका माजी विद्यार्थ्याने विलायतेहून प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा एक संच आणून दिला. तो होता शॉर्ट सुंदरलँड या विमानाचा, १:७२ प्रमाणाचा. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यात फूट आणि इंच यांचा साधा हिशेब आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणून या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो.

सुंदरलँडही शॉर्ट ब्रदर्सचीच, तीही चार इंजिनांची उडती नाव. मुलांनी मापे काढली. सुंदरलँडच्या पंखांचा विस्तार ३४.३८ मीटर, एम्पायरचा ३४.७५ मीटर. ७२ ने भागले की ४७.७५ सेंमी आणि ४८.२५ सेंमी. फरक अवघा अर्धा सेंटिमीटर! लांबी २६.०१ मीटर आणि २६.८२ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत साधारण ११ मिलिमीटरचा फरक. मुले म्हणाली, “सर, दोन्ही बहिणीच आहेत, कोणाला कळणार?” आणि मी, तुमचा प्राचार्य, हो म्हणालो. पाटीवरचा मजकूर मीच तपासून दिला होता.

नववीतल्या एका मुलीने त्या प्रतिकृतीला रंग दिला. वर करडा, खाली पांढरा, कडा इतक्या स्वच्छ की कारखान्यातून आल्यासारख्या. तिला त्यासाठी दिवाळीची सुट्टी पूर्ण लागली.

एक प्रश्न

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा नातवाला घेऊन आले. त्यांनी पाटी शांतपणे वाचली, टेबलाला एक फेरी घातली आणि मला विचारले, “काय हो सर, हे विमान टपाल आणि प्रवासी नेत होतं ना? मग त्याला बंदुका कशाला?”

मी पाहिले. नाकाशी बंदुकांचा घुमट, पाठीवर दुसरा, शेपटीच्या टोकाला तिसरा. सुंदरलँड हे युद्धाचे विमान. समुद्रावर गस्त घालून पाणबुड्या शोधणारे. ते रोज माझ्यासमोर होते आणि मी ते पाहिले नव्हते. मी आजोबांना म्हटले, “आमची चूक झाली.” ते म्हणाले, “चूक लहान आहे, पण पाटी मोठ्या अक्षरांत आहे.”

संमेलन संपल्यावर विज्ञान मंडळाची बैठक झाली. मी सोपा मार्ग सुचवला : पाटी बदलू, ‘शॉर्ट सुंदरलँड’ असे लिहू, म्हणजे सर्व खरे होईल. तेव्हा रंग देणारी तीच मुलगी उभी राहिली. “सर, पाटी बदलली तर पाटी खरी होईल. पण ग्वाल्हेरला आलेलं विमान कुठे दिसेल?”

तिचा प्रश्न योग्य होता. एम्पायर जातीची एकूण ४२ विमाने बांधली गेली. आज त्यांतले एकही शिल्लक नाही. सुंदरलँड पाहायची असेल तर लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये ती उभी आहे. एम्पायर मात्र फक्त छायाचित्रांत, आराखड्यांत आणि प्रतिकृतींत उरली आहे. अशा वस्तूची प्रतिकृती चुकली तर ती चूक मूळ वस्तूशेजारी ठेवून पकडता येत नाही. तीच पुढे खरी मानली जाते. म्हणून ठरले की, प्रतिकृतीच बदलायची. म्हणजे त्या मुलीचा सुंदर रंग खरवडायचा. पहिला पॉलिशपेपर तिनेच हातात घेतला.

कापण्यापूर्वी कारण विचारा

बदल करायचे म्हणजे आधी फरकांची यादी हवी. आराखडे आणि छायाचित्रे शेजारी ठेवून मुलांनी ती अशी केली :

१) सुंदरलँडला बंदुकांचे घुमट आहेत, एम्पायरला नाहीत.
२) एम्पायरच्या शेपटीचे टोक निमुळते आहे.
३) सुंदरलँडच्या खिडक्या गोल आहेत; एम्पायरच्या चौकोनी.
४) सुंदरलँडचे पंख किंचित मागे वळलेले आहेत, एम्पायरचे सरळ बाहेर जातात.
५) रंग : एम्पायर चंदेरी, त्यावर काळी अक्षरे.

चौथ्या फरकापाशी आम्ही अडलो. एकाच कारखान्याच्या दोन विमानांत हा फरक का? उत्तर फार सुंदर आहे. सुंदरलँडचा पहिला नमुना ऑक्टोबर १९३७ मध्ये उडाला तेव्हा त्याचेही पंख सरळच होते. पण बंदुकांची योजना बदलली. नाकातली जड तोफ गेली, तिथे हलका घुमट आला. आणि शेपटीला चार बंदुकांचा जड घुमट बसवायचे ठरले. पुढचे वजन कमी झाले, मागचे वाढले. त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकला. (माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे माझ्या तोंडी अजून ‘गुरुत्व केंद्र’ येते, मुले हसतात आणि मला दुरुस्त करतात.)

तराजूची दांडी आठवा. एका पारड्यात वजन वाढले तर दांडी धरायची जागा त्या बाजूला सरकवावी लागते. विमानाला पंख उचलून धरतात. गुरुत्वमध्य मागे गेला, म्हणून पंखही मागे नेणे आवश्यक झाले. सर्व विमान नव्याने बांधण्याऐवजी कारखान्याने पंख मुळापाशी ४ अंश १५ मिनिटे मागे वळवले. पंखांवरची इंजिनेही त्यांच्याबरोबर वळली आणि त्यांची तोंडे किंचित बाहेरच्या बाजूला झाली. प्रतिकृतीत ते आम्हाला आधीच दिसले होते आणि आम्ही त्याला संचातला दोष समजत होतो!

यावरून एक नियम लक्षात ठेवा. एखादी गोष्ट वाकडी दिसली की ती चुकलेलीच असते असे नाही. आधी विचारा, ती वाकडी का आहे? कारण समजल्यावर सरळ करायची की नाही ते ठरवा. आमच्या बाबतीत बंदुका जाणार होत्या, म्हणजे वळणाचे कारणही जाणार होते. म्हणून पंख सरळ करणे योग्यच होते.

पाचरीचे गणित

दहावीच्या मुलांनो, त्रिकोणमिती कशाला शिकायची असे विचारता ना? ४ अंश १५ मिनिटांचा टॅन्जंट ०.०७४३ आहे. एका बाजूचा पंख साधारण २४ सेंमी लांब. २४ ला ०.०७४३ ने गुणले तर १.७८ सेंमी येतात. म्हणजे पंखाचे टोक जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर पुढे आणायचे होते.

पंख पुढे फिरवायचा तर दोन मार्ग. एक, मुळाशी समोरच्या बाजूने पाचर कापून काढणे. दुसरा, मागच्या बाजूने फट उघडून तिथे पाचर भरणे. कापणे सोपे वाटते, पण त्याने पंख आखूड होतो. आणि आपल्याला तर पंख थोडे लांबच हवेत. म्हणून भरण्याचा मार्ग निवडला. मुळाशी पंखाची रुंदी ८ सेंमी धरली तर ८ गुणिले ०.०७४३, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरची पाचर. पंख सरळ झाल्यावर टोकापासून टोकापर्यंतचे अंतर आपोआपही थोडे वाढते. ते वजा करून उरलेली वाढ प्रत्येक बाजूला सुमारे २ मिमी राहिली. म्हणून पट्टी अशी कापायची ठरली : समोर २ मिमी, मागे ८ मिमी.

हिशेब बरोबर होता, हात चुकला. डावा पंख घाईत चिकटवला गेला. डोळ्यांना दोन्ही पंख सारखेच दिसत होते. एका विद्यार्थ्याचे वडील सुतारकाम करतात, ते मुलाला न्यायला आले होते. त्यांनी खिशातून दोरा काढला, एक टोक विमानाच्या नाकावर धरले आणि दुसरे उजव्या पंखाच्या टोकापर्यंत नेऊन गाठ मारली. मग तोच दोरा डावीकडे फिरवला. गाठ पंखाच्या टोकापाशी आलीच नाही. ४ मिमीचा फरक! ते म्हणाले, “दाराची चौकट आम्ही अशीच बघतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. डोळा फसतो, दोरा नाही फसत.” डावा पंख पुन्हा कापला. या वेळी चिकटवण्यापूर्वी तीन वेळा दोरा लावला.

बाकी कामे सरळ होती. घुमट काढून नाक आणि शेपूट बाल्साच्या लाकडातून कोरले, त्यातच लांबीचे ११ मिमीही भरून निघाले. गोल खिडक्या एम-सीलने बुजवल्या, वाळल्यावर आधी जाड आणि मग बारीक पॉलिशपेपरने घासल्या. घासताना पाणी वापरले की धूळ उडत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. नव्या चौकोनी खिडक्या आराखड्यावरून आखून काळ्या रंगवल्या.

पोटाची पायरी आणि ४९ ग्रॅम

आता मुलांची इच्छा झाली की प्रतिकृती पाण्यावर तरंगताना दाखवावी. इथे या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग येतो.

लांबी ७२ पट कमी होते तेव्हा क्षेत्रफळ ७२ चा वर्ग, म्हणजे ५,१८४ पट कमी होते. आणि घनफळ ७२ चा घन, म्हणजे ३,७३,२४८ पट! एम्पायरच्या पंखांचे क्षेत्रफळ १३९ चौरस मीटर. प्रतिकृतीत ते सुमारे २६८ चौरस सेंमी होते, म्हणजे एका लहानशा वहीच्या पानाएवढे. तिचे पूर्ण भारासह वजन सुमारे १८,३७० किलो. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम तुम्हाला माहीत आहे. बाजूला सारलेल्या पाण्याचे घनफळ ३,७३,२४८ पट कमी, तर वजनही तितकेच पट कमी हवे. भागाकार करा : फक्त ४९ ग्रॅम!

प्रयोगशाळेच्या तराजूवर आमची प्रतिकृती ठेवली. ३४० ग्रॅम. जवळजवळ सातपट. फटी बुजवून टबात सोडून पाहिली तर पाणी खिडक्यांपर्यंत चढले आणि शेपूट खाली गेली. खरे विमान असे तरंगले असते तर टपालाची पोती वाचली असती, पण खालच्या मजल्यावरचे प्रवासी ओले झाले असते!

कोणी म्हणाले, पोट पाण्याच्या रेषेपाशी कापून टाकू आणि काचेवर चिकटवू, तरंगल्यासारखे दिसेल. पण मग उडत्या नावेचे मुख्य रहस्यच कापले गेले असते. या नावेच्या पोटाला मध्यावर एक पायरी असते. ती कशासाठी? ओल्या फरशीवर स्टीलची ताटली पालथी ठेवा आणि सरळ वर उचला. ती सहज सुटत नाही. एक कड उचलून हवा आत जाऊ दिली की लगेच सुटते. वेगाने धावणाऱ्या नावेच्या पोटालाही पाणी असेच धरून ठेवते. पायरीपाशी पाण्याचा प्रवाह पोटापासून तुटतो, तिथे हवा शिरते, पाण्याची पकड कमी होते आणि नाव पाण्याच्या पृष्ठभागावर घसरू लागते. मगच ती उडू शकते. पायरी नसती तर एवढे जड विमान पाणी सोडायला फार झगडले असते.

म्हणून तरंगणारे खोटे दृश्य नको, पायरी दिसली पाहिजे, असे ठरले. दुरुस्तीसाठी उडत्या नावेला पाण्यातच चाके जोडत आणि उतारावरून ओढून किनाऱ्यावर आणत. आम्ही तारेची आणि जुन्या बटणांची तशीच चाके केली आणि विमान त्यांवर उभे केले. आता खाली वाकून कोणालाही पायरी पाहता येते.

नवी पाटी

शेवटी रंग. त्याच मुलीने चंदेरी रंग दिला. पहिल्या रंगाइतका तो सफाईदार झाला नाही; डाव्या पंखाच्या मुळाशी एम-सीलची रेघ अजून जाणवते. ती तशीच राहू द्या, असे मी सांगितले. पाटीचा मजकूर या वेळी मी तपासला नाही, मुलांनीच एकमेकांकडून तपासून घेतला. प्रत्येक शब्दापुढे ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारायचा, उत्तर मिळाले तर शब्द ठेवायचा, नाही तर खोडायचा. पाटी अशी झाली :

‘शॉर्ट एम्पायर, प्रमाण १:७२. या जातीचे पहिले विमान कॅनोपस (जी-एडीएचएल), उड्डाण जुलै १९३६. याच जातीची विमाने टपाल आणि प्रवासी घेऊन ग्वाल्हेरच्या माधोसागर तलावावर उतरत असत. ही प्रतिकृती सुंदरलँडच्या संचात बदल करून तयार केली आहे.’

शेवटचे वाक्य मुलांनी स्वतः जोडले. मला ते सर्वांत जास्त आवडले.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि सिडनीचा हा मार्ग तुटला. युद्धाच्या काळात जगभर पक्क्या धावपट्ट्या बांधल्या गेल्या, चाकांची विमाने मोठी झाली. नोव्हेंबर १९५० मध्ये ब्रिटिश कंपनीने आपली उडत्या नावांची शेवटची सेवा बंद केली. आपल्या गावी पाण्यावर उतरणाऱ्या त्या विमानांची आठवण आता थोड्याच घरांत असेल. तुमच्या घरी आजी-आजोबांनी ऐकलेले काही असेल तर वहीत लिहून आणा. लिहिताना ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ हे दोन शब्द वेगवेगळे ठेवा.

ते रेल्वेवाले आजोबा मागच्या महिन्यात पुन्हा आले होते. टेबलाला त्यांनी तशीच फेरी घातली, खाली वाकून पायरी पाहिली, पाटी वाचली. या वेळी त्यांनी काही विचारले नाही. नातवाला म्हणाले, “आता नीट बघून घे.”

करून पहा

१) सुंदरलँडचा विस्तार ३४.३८ मीटर आहे. १:१४४ प्रमाणात तो किती होईल? क्षेत्रफळ १:७२ च्या प्रतिकृतीच्या किती पट होईल? आणि वजन?
२) नकाशावर कराची, राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद आणि कलकत्ता जोडा. प्रत्येक टप्पा मोजा. १,२२० किलोमीटर पल्ल्याच्या विमानाला एवढे थांबे का लागत असतील? वाऱ्याचा आणि भाराचा विचार करून उत्तर लिहा.
३) पुठ्ठ्याचे साधे विमान करा. शेपटीला एक रुपयाचे नाणे चिकटवा. ते बोटावर कुठे तोलले जाते ते पहा. आता पंख किती मागे न्यावे लागतील?
४) घरातील कोणत्याही चौकटीचे दोन्ही कर्ण दोऱ्याने मोजा. फरक आढळला तर आधी वडिलांना दाखवा, मग सुताराला!